१८ इंची बेस ड्रम डब्यासारखा का वाजतो, आणि त्यावर काय करायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मालवण-तारकर्ली पट्ट्यात तुमचा चौघांचा ग्रुप आहे: कीबोर्ड, गिटार, गायिका आणि ड्रमवर तुम्ही. रिसॉर्टवर, हळदीला, चर्चच्या फेस्ताला वाजवता. रिक्षात मावावा म्हणून लहान सेट घेतलात, १८ इंची बेस (पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम), १० चा टॉम, १४ चा फ्लोअर टॉम (पायांवर जमिनीवर उभा राहणारा), १३ चा स्नेअर (खाली तारा असलेला). बेस डब्यासारखा वाजतो, टॉम टणटण करतात, आत उशी कोंबली तरी फरक नाही. हा विकून २२ चा सेट घ्यावा का, पावसाळ्यात हा टिकेल का, आणि मावसभावाला वेंगुर्ल्यात असाच सेट घ्यायचाय तर त्याने १६ चा बेस घ्यावा की १८ चा, असं विचारलंत.

विकू नका. तुमच्या वर्णनावरून सेटमध्ये खोट दिसत नाही, सूर लावण्यात दिसते. १८ चा ड्रम तुम्ही २२ चा समजून लावलाय. पान, म्हणजे ड्रमच्या तोंडावरचा पडदा, ढिलं करून खर्ज काढायचा प्रयत्न झालाय, आणि तो निघाला नाही म्हणून उशी आत गेलीय. दोन्हींमुळे उरलासुरला आवाजही गेला.

हिशोब समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जाईल. एकाच जातीचं पान सारख्याच ताणाने २२ आणि १८ इंचांवर बसवलं, तर १८ चा सूर साधारण साडेतीन अर्धस्वर वर जातो. पेटीवर सांगायचं तर २२ चा ड्रम ‘सा’ला धरला, तर १८ चा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये बसतो आणि १६ चा दोन्ही मध्यमांच्या मध्ये. आतली हवा या हिशोबात थोडी ढवळाढवळ करते, पण दिशा हीच. आता १८ ला ओढून २२ च्या सुरावर आणायचं, तर ताण दोन तृतीयांशावर आणावा लागतो. १६ ला तर जवळजवळ निम्म्यावर. २२ चा ड्रम मुळातच बराच सैल लावलेला असतो. त्याहून सैल केलं की पान सुरकुततं, नुसती थाप ऐकू येते, सूर नसतो. तोच तुमचा डबा.

ताण न घटवता सूर खाली आणायचा दुसरा मार्ग म्हणजे पानाचं वजन वाढवणं, आणि तो आपल्याकडे प्रत्येक भजनी बुवाला माहीत आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती त्यासाठीच. मध्यावर वजन आलं की मूळ सूर खाली उतरतो. उजव्या तोंडाच्या शाईचं काम आणखी बारीक आहे. साध्या गोल पडद्याचे वरचे नाद मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे अडनिड्या प्रमाणात येतात, म्हणून ड्रमसेटच्या टॉममधून तबल्यासारखा स्वच्छ स्वर कधी निघत नाही. शाईमुळे हे नाद जवळजवळ पूर्ण पटीत येतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये यावरच लिहिलं होतं. तुमचे टॉम टणटण करतात ते हेच अडनिडे नाद. ते पूर्ण मारायचे नसतात, थोडे आवरायचे असतात.

म्हणून पहिला खर्च पानांवर करा. स्वस्त आणि मध्यम सेटबरोबर येणारी पानं बहुतेक वेळा विक्रीपुरती असतात. बेसच्या मारायच्या बाजूला रेमोचं पॉवरस्ट्रोक ३ किंवा इव्हान्सचं ईमॅड घाला. पहिल्यात पानाच्या कडेने आतून एक पातळ कडं चिकटवलेलं असतं, दुसऱ्यात बाहेरून फोमची रिंग बसते. दोन्ही कडेचे नाद आवरतात आणि मधला भाग मोकळा ठेवतात. पेडलचा बीटर (पानावर आपटणारा गोळा) लागतो तिथे मध्यावर जाड पॅच चिकटवा. तो पान फाटू नये म्हणून विकतात, पण लहान ड्रमवर तो कणकेचंही थोडं काम करतो. समोरचं पान सेटबरोबर आलेलं लोगोवालं असू दे. त्याला भोक पाडायचंच असेल तर चार इंचांचं, कडेच्या बाजूला, मध्यावर नाही. १८ वर सहा-सात इंचांचं भोक पाडलं की समोरचं पान असून नसल्यासारखं होतं.

टॉमसाठी तुम्ही काय वाजवता ते बघा. हिंदी-मराठी ऑर्केस्ट्राची गाणी, कोळीगीतं आणि हळदीचा धुमाकूळ असेल तर दुहेरी पान घ्या, रेमोचं एम्परर किंवा इव्हान्सचं जी२. यात सात मिलचे दोन थर असतात, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. रिसॉर्टवर हलकं, ब्रशने वाजवायचं असेल तर कोटेड (वर खरखरीत लेप असलेलं) अँबॅसेडर किंवा जी१, दहा मिलचं एकेरी. तुमच्या मिश्र कामाला मी १० वर एकेरी आणि १४ वर दुहेरी लावीन. तेल भरलेली निळी हायड्रॉलिक पानं आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांची लाडकी आहेत. मोठ्या टॉमवर ती शोभतात, १० इंचीवर आवाज जागच्या जागी बसतो. ती नकोत. खालची पानंही बदला, एकेरी साधी. ती कुणाला दिसत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही, आणि टॉमचा अर्धा सूर तिथेच असतो.

आता बेस लावायचा कसा. उशी काढा. दोन्ही पानं काढून शेलची, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगाची, कड कोरड्या फडक्याने पुसा. मारायचं पान बसवून सगळे बोल्ट आधी बोटांनी आवळा, मग चावीने समोरासमोरच्या जोड्यांनी, एका वेळी पाव फेरा. तळहाताने मध्यावर दाबत रहा, सुरकुत्या जिथे दिसतील तिथले बोल्ट थोडे आवळा. शेवटची सुरकुती गेली की आणखी पाव फेरा आणि थांबा. समोरचं पान त्याहून अर्धा ते पाऊण फेरा घट्ट. आता बीटरने मारा. जो आवाज येईल तो तुम्हाला आधी वर वाटेल, विशेषतः ऑक्टापॅडच्या किकची, म्हणजे त्यातल्या बेसच्या आवाजाची, सवय असेल तर. ती किक स्टुडिओत मोठ्या ड्रमवरून घेऊन, कापून, दाबून बनवलेली असते. तिच्याशी तुलना करत बसलात तर कुठलाही खरा ड्रम तुम्हाला हलकाच वाटेल. कुणाला तरी वाजवायला लावून पंधरा पावलं समोर जाऊन ऐका. सीटवर बसून ऐकू येतो तो आणि समोर पोचतो तो आवाज फार वेगळा असतो, आणि लहान बेसच्या बाबतीत हा फरक जास्तच. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जॅझमध्ये एल्विन जोन्स, टोनी विल्यम्स हे ड्रमर १८ च्या बेसवर वाजवत. त्यांचे ड्रम वरच्या सुरात लावलेले आणि मोकळे असत, खर्जासाठी कुणी त्यांना पान ढिलं करायला लावलं नाही.

लावून झाल्यावरही नाद लांबत असेल तर मारायच्या पानाच्या आतल्या बाजूला, कडेपासून तीन-चार इंचांवर, फेल्टची एक उभी पट्टी पान आणि शेलच्या कडेत धरून ताणा. फेल्ट नसेल तर जुन्या घोंगडीची तीन बोटं रुंद पट्टी चालते. १८ ला एवढंच पुरतं. उशीने शेलमधली हवाच अडते, आणि लहान ड्रममध्ये हवा मुळात कमी असते.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: तुमचा बीटर बहुधा मध्यावर लागतच नाहीये. पेडलची उंची २०-२२ इंची बेस डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. १८ चा ड्रम जमिनीवर टेकवला की बीटर मध्याच्या बराच वर, कडेकडे लागतो, आणि कडेवर मारलं की टणटणच येणार. १६ ला तर फारच वाईट. म्हणून लहान बेसला रायझर लावतात, म्हणजे मारायच्या बाजूच्या हूपखाली (पान धरून ठेवणाऱ्या कड्याखाली) उचलून धरणारा तुकडा, ज्याला पेडल अडकतं. विकतचा मिळाला तर उत्तम. सोनॉरच्या १६ इंची सेटबरोबर तो येतो. नाही मिळाला तर गावातल्या सुताराकडून फणसाचा किंवा सागाचा ठोकळा करून घ्या, वर हूपच्या गोलाईची खाच, खाली रबर, पुढे पेडल पकडेल अशी फळी. मापासाठी बीटर पानाला टेकवून खूण करा. खूण आणि मध्य यांतलं अंतर ही ठोकळ्याची उंची. बीटरची दांडी खाली करून काम भागवू नका, फटक्यातला जोर जातो. बीटर मोठ्या तोंडाचा फेल्टचा घ्या, प्लास्टिकचा कडक नको.

टॉमसाठी घरात पेटी असेल तर ती जवळ घ्या. १० आणि १४ यांच्यात चौथ्या किंवा पाचव्या सुराचं अंतर ठेवा, म्हणजे खालच्याला सा धरला तर वरचा म किंवा प. स्वच्छ स्वर निघणार नाही हे वर सांगितलंच, पण कानाला अंतर कळतं. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत टिचकी मारून सगळीकडे सारखा नाद येतो का बघा. हे करताना दुसरं पान उशीवर दाबून ठेवा, नाहीतर दोन्ही नाद मिसळतात. खालचं पान वरच्यापेक्षा थोडं घट्ट ठेवलं की आवाज आटोपशीर होतो. दोन्ही सारखी ठेवली की तो सगळ्यात लांब रेंगाळतो. एवढं करूनही १० चा टॉम वाजवल्यावर स्नेअर खरखरला तर टॉमचा सूर किंचित वर-खाली करा. दोघांचे सूर जुळले की ती खरखर वाढते.

स्नेअरबद्दल फार नाही. वर कोटेड अँबॅसेडर, खाली तीन मिलचं पातळ पान चांगलं घट्ट, तारा खरखर सुरू होईपर्यंत सैल करून मग थोड्या आवळलेल्या. १३ च्या स्नेअरला १४ सारखा जाड फटका येत नाही, पण गर्दीत तो छान चिरून जातो. सिम्बल मात्र लहान सेटला लहान घ्यायच्या हा गैरसमज आहे. २० ची राइड (ठेका धरायची मोठी सिम्बल) खुशाल लावा. पैसे असतील तर पितळेच्या सोडून काशाच्या घ्या. बी८ मध्ये ८ टक्के कथील असतं, बी२० मध्ये २० टक्के. रिसॉर्टवर जेवणाऱ्यांच्या कानाशी वाजवायचं तर पातळ बी२० सुखाची.

जागेचा भाग तुमच्याकडे मोठा आहे. तारकर्लीच्या वाळूवर उघड्यावर वाजवताना मागे भिंत नाही, वर छत नाही, खाली वाळू. खर्ज परत येत नाही, तो समुद्राकडे जातो. प्लायवूडचा एक तुकडा कायम बरोबर ठेवा, चार बाय पाच फुटांचा, त्यावर सतरंजी. सेट शक्यतो रिसॉर्टच्या भिंतीला किंवा कंपाउंडला पाठ करून लावा. भिंतीजवळ खर्ज वाढतो, कोपऱ्यात आणखी. मंगल कार्यालयात याच्या नेमकं उलट. फरशी, काच, गुळगुळीत भिंती, वर पत्रा. तिथे कोपरा टाळा, आणि बेसच्या पानावर कागदी टेपचा एखादा तुकडा जास्त लावा. सेट एकाच पद्धतीने लावून दोन्हीकडे चालेल अशी आशा धरू नका.

माइक लावत असाल तर तो समोरच्या भोकाच्या तोंडाशी किंवा किंचित आत ठेवा, बीटरच्या दिशेने थोडा तिरका. मिक्सरवर ३०० ते ४०० हर्ट्झचा भाग आधी कमी करा. डबा तिथेच असतो. मग ६० ते ८० थोडं वाढवा, आणि गाण्याला टोक हवं असेल तर ३ ते ४ हजारांच्या आसपास. मंडपवाल्याचे १२ इंची टॉप स्पीकर ४०-५० हर्ट्झ नीट देत नाहीत, म्हणून तिथे कितीही वाढवलं तरी फक्त घरघर वाढते. एक सब (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) मिळाला तर १८ इंची बेस कुणाला लहान वाटणार नाही. खर्जाचं काम सबला करू द्या, ड्रमला त्याचा सूर आणि फटका द्यायचाय.

आता पावसाळा. इथे पाऊस भरपूर पडतो, आणि किनाऱ्याजवळ वाऱ्यात बारा महिने मीठ असतं. पानांची काळजी करू नका, ती पॉलिएस्टरची असतात. १९५७ च्या सुमारास ती बाजारात आली आणि कातड्याच्या पानांची ओलीत ढिली पडायची कटकट संपली. ढोलकी-पखवाजवाल्यांना ती अजून भोगावी लागते. त्रास लाकूड आणि लोखंडाचा आहे. मध्यम किमतीच्या सेटांचं शेल बहुतेक पॉप्लरचं, बाहेरून प्लास्टिकचं आवरण, आतून आणि कडेवर उघडं. जूनमध्ये ते ओल घेऊन फुगतं, पान काढताना अडकतं, ऑक्टोबरच्या उन्हात परत आकसतं, आणि या ये-जात कड वाकडी होते. म्हणून मे महिन्यातच पानं काढून आतून पॉलिशचा एक पातळ हात द्या आणि सुकल्यावर कडेवर साधी पांढरी मेणबत्ती घासून फडक्याने चोळा. मेणाने ओल अडते आणि पान कडेवर सरकत नीट बसतं. जाड व्हार्निश नको, त्याने आवाज कडक होतो.

कड सरळ आहे का बघायचं तर दाराच्या जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटवर शेल उपडं ठेवा, आत टॉर्च पेटवा, खोलीतला दिवा घालवा. कडेखालून उजेडाची रेघ दिसली तर तिथे पान टेकत नाही, आणि तो टॉम कधीच सुरात लागणार नाही. केसाएवढी फट असेल तर काचेवर बारीक सँडपेपर चिकटवून शेल त्यावर गोल गोल फिरवा, पुन्हा पुन्हा उजेडात तपासत. त्याहून मोठी असेल तर कड नव्याने कापून देणारा माणूस शोधा. घरी रंधा लावायला जाऊ नका.

लोखंडासाठी: किनाऱ्यावर वाजवून आलात की त्याच रात्री बोल्ट, हूप, स्टँड गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करा. वर्षातून एकदा सगळे बोल्ट काढून धुवा, वाळवा, आट्यांना ग्रीस किंवा व्हॅसलीनचं बोट लावा. पेडलच्या सांध्यांना शिवणयंत्राचं तेल. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. स्प्रे मारून गंज सुटतो पण तो वंगण म्हणून टिकत नाही, मागाहून तेल द्यावंच लागतं. स्नेअरच्या तारा सगळ्यात आधी जातात, एक जोड कायम शिलकीत असू दे. पावसाळ्यात सेट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. ओल आत कोंडते आणि फेल्टवर, कोटेड पानांवर बुरशी धरते. कापडी कव्हरात, जमिनीपासून वर, आत सिलिका जेलच्या पुड्या. जांभ्याच्या जुन्या घरात भिंतीला टेकवून तर मुळीच नको. आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वाजवा, बंद सेट जास्त खराब होतो.

राहिला मावसभाऊ. १६ चा बेस घ्यायचा तर तो सवयीचा आणि माइकचा प्रश्न आहे. माइक आणि सब प्रत्येक ठिकाणी मिळणार असेल, नाहीतर अगदी छोट्या खोलीत वाजवायचं असेल, तरच १६. लुडविगने क्वेस्टलव्ह या अमेरिकन ड्रमरबरोबर २०१३ मध्ये काढलेला ब्रेकबीट्स, पर्लचा मिडटाउन, सोनॉरचा एक्यूएक्स जंगल हे सगळे १६ चे, आणि पहिल्या दोघांत १० चा टॉम, १३ चा फ्लोअर. शहरातल्या जिन्यांसाठी ते बरे. वेंगुर्ल्यात उघड्या मांडवात, कधी माइक तर कधी नुसतंच, अशा कामाला १८. यामाहाचा स्टेज कस्टम बॉप बर्चचा आहे, ग्रेचचा कॅटलिना क्लब महोगनीचा, सोनॉरचा एक्यू२ बॉप मेपलचा. तिघांतही टॉम १२ चा आणि बेस १८ चा. टामाचा क्लब-जॅम हलका पडतो, त्याचा बेस १२ इंचच खोल आणि फ्लोअर टॉम ७ इंच खोल, म्हणून एसटीच्या टपावर किंवा रिक्षाच्या मागे सहज जातो. पण खोली कमी म्हणजे रेंगाळणं कमी, हे लक्षात ठेवून घ्यावा. लाकडाच्या नावावर भांडत बसण्यापेक्षा दुकानात पान काढायला लावून कड बघावी, बोल्ट आट्यांत हाताने फिरतात का बघावं, हूप टेबलावर ठेवून डुगडुगतं का बघावं. दुकानदार पान काढू देत नसेल तर दुसरं दुकान. पणजी-मडगावपर्यंत जाणं वेंगुर्ल्याहून काही लांब नाही.

आणि बजेट अगदीच आखडलेलं असेल तर एक तोड आहे: कुणाच्या तरी जुन्या ऑर्केस्ट्रा सेटमधला १६ चा फ्लोअर टॉम मागून घ्यायचा, पायांच्या जागी स्पर (आडव्या ड्रमला टेकू देणारे तिरके पाय) बसवायचे, खाली सुताराचा ठोकळा, आणि दोन नवी पानं. आडवा टाकलेला फ्लोअर टॉम खोल असतो, त्यामुळे रेडीमेड १६ च्या बेसच्या तोडीचा तो वाजतो. हूप मात्र लोखंडी असेल, पेडलचा चिमटा त्यावर घसरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालून मग चिमटा आवळायला सांगा.